श्वानोद्यान: नागपुरी आवृत्ती

श्वानोद्यान म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातली साखळी सोडून त्याला मनसोक्त धावू देण्यासाठी राखून ठेवलेली, कुंपण घातलेली जागा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी श्वानोद्यान हे या प्रकारातले पहिले मानले जाते. भारतात हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात असेच एक उद्यान उघडले. ती जागा आधी कचरा टाकायची होती. म्हणजे कुत्र्यांची वहिवाट तिथे होतीच, पालिकेने फक्त फाटक बसवले.

या उद्यानांमागे एक गृहीतक आहे. शहरातला कुत्रा दिवसभर बांधलेला असतो, म्हणून त्याला तासभर सोडायला जागा हवी, असे ते गृहीतक. नागपुरात ते पहिल्याच चौकात कोसळते. इथे कुत्रा आधीच सुटलेला असतो, बांधलेला कुत्रा हा अपवाद. त्यामुळे कुंपणाचे कामही उलटे होते. बर्कलीत कुंपण लागते ते आतल्या कुत्र्याने बाहेर जाऊ नये म्हणून. नागपुरात ते लागेल बाहेरच्या सातांनी आत येऊ नये म्हणून. असे कुंपण सहसा नसतेच, त्यामुळे अख्खे शहर हेच एक सलग श्वानोद्यान होऊन बसले आहे आणि त्यात माणसांना सकाळ-संध्याकाळ फिरायची मुभा आहे.

जागा

नागपुरी श्वानोद्यानाचे चार प्रकार पडतात: मैदान, प्लॉट, तलावकाठ आणि टेकडी.

मैदानांत अग्रमान कस्तुरचंद पार्कचा. सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाचे हे मैदान राजकीय सभा, प्रदर्शने आणि प्रजासत्ताक दिनाचे संचलन यांसाठी प्रसिद्ध आहे. यांपैकी कोणताही कार्यक्रम चालू असताना एक तरी कुत्रा मैदान तिरपे ओलांडतो. तो घाईत नसतो आणि व्यासपीठाकडे बघत नाही. बंदोबस्तावरचे पोलीस त्याला अडवत नाहीत, कारण अडवायला गेले की तो पळतो आणि मग सगळी सभा वक्त्याला सोडून त्याच्याकडे बघते.

प्लॉट हा खास नागपुरी प्रकार. शहर ले-आउटांनी वाढले आणि प्रत्येक ले-आउटमध्ये मालक पुण्याला किंवा परदेशी असलेला एखादा रिकामा प्लॉट राहिला. त्यावर ‘हा प्लॉट विकणे नाही’ अशी पाटी असते, शेजारच्या बांधकामाची रेती नि गिट्टी पडलेली असते आणि कमरेएवढे गवत असते. सात-बारा मालकाच्या नावावर असला तरी ताबा चार पायांचा. रेतीच्या ढिगाच्या माथ्यावर जो बसतो तो त्या ले-आउटचा प्रमुख, हे सर्वमान्य आहे. तो बदलला की रात्रभर सगळ्यांना कळते.

तलावकाठ म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी. इथे कुत्र्यांपेक्षा मक्याची कणसे भाजणारे आणि फोटो काढणारे यांची संख्या जास्त असल्यामुळे कुत्रा पाहुण्यासारखा वागतो. या प्रकाराबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

खरा खडतर प्रकार टेकडीचा. सेमिनरी हिल्स ही शहराच्या वायव्येची टेकडी दख्खनच्या पठाराच्या काळ्या पाषाणाची आहे. नागपूरच्या आसपास हा पाषाण संपतो आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. वरच्या बाजूला खडे, खालच्या बाजूला चिकट माती, मध्ये बाभळी आणि घाणेरीची झुडपे अशी ही रचना. कुत्र्याला पळायला यापेक्षा चांगली जागा नाही आणि मालकाला पडायलाही. अडचण एकच. याच टेकडीवर १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरातल्या बहुतेक पाळीव कुत्र्यांना हा रस्ता लहानपणी टोचलेल्या सुईसकट आठवतो. म्हणून टेकडीवर हौसेने नेलेला कुत्रा चढ लागताच चारही पायांचे ब्रेक दाबून बसतो. मालक पुढून ओढतो, मालकीण मागून ढकलते आणि येणारे-जाणारे विचारतात, “बिमार आहे का हो?”

सदस्य

उद्यानाचे कायम सदस्य म्हणजे रस्त्यावरची कुत्री. ती मोकाट म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात त्यांच्याइतके नेमाने बांधलेले आयुष्य शहरात दुसऱ्या कुणाचे नसते. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. ती साधारणपणे विजेच्या डीपीपासून पानठेल्यापर्यंत जाते. पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याच्या पायाशी एक आणि डीपीच्या सावलीत एक असे पहारे असतात. हद्दीच्या खुणा रोज ताज्या कराव्या लागतात. त्या कामी खांब, झाडाचे आळे आणि नव्या कारचे मागचे चाक यांचा उपयोग होतो. कार जितकी नवी तितकी खूण महत्त्वाची.

सदस्याला नाव असते, पण एक नसते. पहिल्या घरात तो कालू, दुसऱ्यात शेरू, तिसऱ्यात बाळा आणि चौथ्यात फक्त ‘हाड’. या चारही हाकांना तो ज्या क्रमाने पोळी मिळते त्या क्रमाने ओ देतो. मतदार यादीत एवढी नावे एकाच इसमाची निघाली असती तर निवडणूक रद्द झाली असती.

काही सदस्यांच्या एका कानाच्या टोकाला त्रिकोणी कात्री लागलेली दिसते. हे भांडणाचे चिन्ह नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर ही खूण केली जाते, म्हणजे पुन्हा तोच कुत्रा गाडीत भरला जाऊ नये. अशा कुत्र्याला जिथून उचलले तिथेच आणून सोडायचे, असा सर्वसाधारण नियम आहे. परत आलेला कुत्रा आठवडाभर टोळीत मानाने फिरतो. तो कुठे गेला होता हे इतरांना वासावरून कळते, आणि गाडीचा आवाज आला की सगळे मिळून दुसऱ्या ले-आउटमध्ये पाहुणचाराला जातात.

पाहुणे

साखळीला बांधून येणारा तो पाहुणा. नागपुरी पाहुण्यांत लॅब्रॅडोर बहुसंख्य, त्याखालोखाल जर्मन शेफर्ड. मोबाइल कंपनीच्या २००३ मधल्या जाहिरातीनंतर पगची एक लाट आली. त्या लाटेतले पग आता राहिले नाहीत, मात्र त्यांचे वारस सोफ्यावर घोरताना आढळतात. गेल्या काही वर्षांत सैबेरियन हस्कीही दिसू लागला आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या शहरात बर्फावरची गाडी ओढणारा कुत्रा पाळणे ही हौस कूलर कंपन्यांच्या हिताची आहे. हस्कीच्या घरात वाळ्याच्या ताट्यांसमोरची जागा त्याची असते आणि घरातले आजोबा त्याच्या मागे, उरलेल्या वाऱ्यात बसतात.

नावांबाबत एक विशेष नोंद आवश्यक आहे. पेंच आणि ताडोबा जवळ असल्यामुळे नागपूर स्वतःला व्याघ्र राजधानी म्हणवते. शहरात टायगर नावाची कुत्री पुष्कळ सापडतात. टायगर नावाचा कुत्रा साधारणपणे फटाक्याला, मिक्सरला आणि मांजरीला घाबरतो. खऱ्या वाघाचे शेजारी बिबटे. मे २०२१ मध्ये त्यांतला एक शहरात शिरला आणि गायत्रीनगर, आयटी पार्क भागात दिसला. कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाद्य असल्यामुळे अशा वेळी सगळे टायगर पलंगाखाली राहणे पसंत करतात.

पाहुणा आणि सदस्य यांची पहिली भेट ठरावीक पद्धतीने होते. सदस्य शेपटी ताठ करून येतो, पाहुण्याच्या मागे जाऊन हुंगतो, मग पाहुणा त्याच्या मागे जातो. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. त्यामुळे या गोल चकरांत वय, तब्येत, लिंग, स्वभाव आणि कालचा मेनू एवढी माहिती दोन्ही बाजूंना मिळते. माणसांना एवढ्या माहितीसाठी पत्रिका, बायोडेटा आणि मध्यस्थ लागतो, तरी कालचा मेनू कळत नाही. हे हुंगणे चालू असताना दोन्ही मालक आकाशाकडे किंवा मोबाइलकडे बघतात.

माणसे

उद्यानात येणाऱ्या माणसांचे वर्ग पुढीलप्रमाणे.

पहिला वर्ग ओढले जाणाऱ्यांचा. साखळीचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात आणि दुसरे माणसाच्या मनगटात असते. कोण कुणाला फिरवत आहे हे साखळीच्या ताणावरून ठरते. सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी सहाला चपला मागे राहिलेले आणि स्वतः पुढे गेलेले गृहस्थ दिसले तर ते या वर्गातले.

दुसरा वर्ग ‘काही नाही करत’ असे म्हणणाऱ्यांचा. यांचा कुत्रा समोरच्याच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा असतो, जबडा नाकापासून चार बोटांवर असतो आणि मालक तीस पावलांवरून निवांत ओरडतो, “काही नाही करत हो तो, खेळून राह्यला!” या वाक्याला एक प्रमाणित उत्तर आहे: “तुमच्यासंग खेळू द्या मंग.” पुढचा संवाद सहसा पानठेल्यावर मिटतो.

तिसरा वर्ग काठीवाल्या काकांचा. यांना कुत्रा नसतो, गुडघेदुखी नसते, तरी हाती काठी असते. ती काठी आजवर एकाही कुत्र्याला लागलेली नसते. कुत्री काठीला ओळखतात, काकांना ओळखतात आणि काका थांबले की थांबतात, चालू लागले की चालू लागतात. काका चिडून वळतात तेव्हा ती बसून कान खाजवतात. काकांच्या तोंडी बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट असते. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता लस दंडात टोचतात आणि काही आठवड्यांच्या अंतरात चार-पाच मात्रांत काम होते. पण चार-पाच म्हटल्यावर ऐकणारा घाबरत नाही, म्हणून काका चौदावर ठाम आहेत. लसीच्या निकडीबद्दल मात्र ते बरोबर असतात: चावलेली जागा साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळपास उरत नाही.

चौथा वर्ग पोळीवाल्या ताईंचा. त्यांची स्कूटर चौकात वळायच्या आत सगळी टोळी रांगेत असते. बिस्किटांच्या पुड्याचा कागद वाजला की काठीवाले काका आणि ताई यांची नजरानजर होते. त्यानंतर ले-आउटच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर पुरेल एवढी चर्चा होते.

या सर्वांची आपसात ओळख असते, पण ती कुत्र्यांच्या नात्याने. एकमेकांचे आडनाव वर्षानुवर्षे कळत नाही. “ब्रुनोचे बाबा आज नाही आले?” “सिम्बाच्या आईची बदली झाली ना अमरावतीला.” ब्रुनोला भाऊ झाला की पेढे मिळतात. तो भाऊ माणसाचा की कुत्र्याचा हे विचारणे उद्यानात शिष्टाचाराला सोडून आहे.

कामकाज

उद्यानातली मुख्य घडामोड चेंडूभोवती होते. मैदानाच्या एका अंगाला पोट्ट्यांचे टेनिस बॉलचे क्रिकेट रंगलेले असते, दुसऱ्या अंगाला हास्यक्लब. मधल्या जागेत लॅब्रॅडोर सोडला जातो. हास्यक्लबाने हात वर करून तिसऱ्यांदा हसायच्या आत चेंडू लॅब्रॅडोरच्या तोंडात गेलेला असतो. चेंडू अर्धा ओला झाला आहे, कुत्रा मैदानभर सुसाट आहे, मागे पाच खेळाडू आणि पंच, त्यांच्या मागे सदस्य टोळी आणि सगळ्यांच्या मागे मालक, असा क्रम लागतो.

“काका, त्याले सोडाले सांगा ना बॉल!”

“अरे बाबू, तू मागू नको. तू मागत असला का तो पळते. नाही मागितला का स्वतःच आणून देते.”

“अन् तवरीक आम्ही काय करू?”

“फिल्डिंग लावा.”

धावांचा प्रश्न मात्र उरतो. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत त्याची तरतूद आहे: मैदानात शिरलेला माणूस, जनावर किंवा अन्य वस्तू यांमुळे एखाद्या बाजूचे नुकसान झाले तर पंचाने चेंडू मृत ठरवावा. नागपुरी मैदानावर बॅट ज्याची असते त्याचे नुकसान होऊ शकत नाही, त्यामुळे हा नियम इथे रुजलेला नाही. कुत्र्याने चेंडू नेला तर दोन धावा डिक्लेअर आणि नाल्यात टाकला तर नेणाऱ्याच्या मालकाने नवा आणायचा, हा व्यवहार दोन्ही संघांना मान्य असतो.

चेंडूनंतर महत्त्व उकरण्याला. कुत्रा जमीन उकरतो तेव्हा मालकाला लाज वाटते. ती वाटण्याचे कारण नाही, कारण नागपूरच्या मातीत काय निघेल याचा नेम नसतो. एकोणिसाव्या शतकात इथे राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी परिसरात पाषाणाच्या थरांमधून जीवाश्म गोळा केले आणि नागपूरचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत गेले. आज शहरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. कस्तुरचंद पार्कवर २०१९ च्या अखेरीस खोदकाम चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. त्या मैदानावरची कुत्री वर्षानुवर्षे उकरतच होती. त्यांच्याकडे कुणी अहवाल मागितला नाही.

तिसरी घडामोड न्याहारीची. नागपूरची सकाळ तर्री-पोह्यांशिवाय होत नाही. पोहे, त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर चिवडा आणि कांदा. ठेल्याभोवतीचा कुत्रा फार अनुभवी असतो. तो पोह्यांकडे बघत नाही, खाणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो. ज्याला तिखट सोसत नाही त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि प्लेट अर्धी राहते, हे त्याला ठाऊक आहे. तो तिथे जाऊन बसतो. पुण्या-मुंबईकडून आलेला माणूस तो दुरून ओळखतो आणि त्याच्याशी विशेष मायेने वागतो. तिखट नि कांदा कुत्र्याच्या पोटाला वाईट असे पशुवैद्य सांगतात. शहाणे खाणारे म्हणून बाजूचे कोरडे पोहे टाकतात. कुत्रा ते हुंगतो आणि तर्रीची वाट बघत बसून राहतो.

ऋतू

उन्हाळ्यात उद्यान सकाळी साडेपाच ते सात आणि रात्री नऊनंतर चालते. मधल्या काळात डांबर तापलेले असते. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी, काही सेकंद सोसवली नाही तर कुत्र्याला बाहेर काढू नये, हा साधा नियम. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. मेअखेर सूर्य रोहिणीत आला की नऊ दिवसांचा नवतपा लागतो. त्या दिवसांत सदस्य कुत्री नालीच्या ओलीत, उभ्या ऑटोखाली आणि बँकेच्या एटीएमच्या काचेला नाक लावून सापडतात. एटीएममध्ये एसी असतो आणि दार नीट लागत नाही, या दोन गोष्टींचा शोध माणसांआधी त्यांना लागला. पैसे काढायला आलेल्याला त्यांना ओलांडून जावे लागते. ओलांडताना त्यांची कुरकुर नसते, दार मात्र उघडे ठेवलेले चालत नाही.

पावसाळ्यात काळी माती काम सुरू करते. ही माती ओली झाली की बुटाला धरते आणि प्रत्येक पावलाला एक थर चढतो. कुत्र्याच्या बाबतीत ती बोटांच्या मधल्या केसांत जाऊन बसते आणि वाळली की गोट्या होतात. त्या पाण्याने सुटत नाहीत, ओढल्या तर कुत्रा सोडत नाही. कोमट पाण्यात पाय बुडवून एकेक गोटी बोटांनी चुरावी लागते. चार पायांना मिळून बरीच बोटे येतात, हे त्या वेळी प्रथमच लक्षात येते. पावसाळा संपता संपता गवत पिकते आणि कुसळे तयार होतात. कुसळ टोकदार असते आणि ओलाव्याने पीळ घेऊन आत आत सरकते. अंगावरच्या केसांतून ते कानात किंवा कातडीत शिरू शकते, म्हणून घरी येताच कान आणि काखा तपासाव्या. त्याच वेळी गोचीडही सापडतो. तो चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढून काढतात. पेटत्या उदबत्तीने काढण्याचा उपाय पानठेल्यावर सांगितला जातो. तो करून पाहिलेल्याचा कुत्रा नंतर देवघराच्या बाजूला फिरकत नाही.

हिवाळा हा उद्यानाचा खरा हंगाम. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. तशा थंडीत पाहुणे मंडळी स्वेटर घालून येतात. काही स्वेटरांवर चौकडी असते, काहींवर मालकाच्या पुलोव्हरचीच लोकर. सदस्य कुत्री रात्रीच्या शेकोटीच्या कोमट राखेत झोपून उठतात. काळा कालू सकाळी करडा दिसतो आणि अंग झटकतो तेव्हा आसपासचे वॉकर पांढरे दिसतात. दिवाळीतले चार दिवस उद्यान बंद राहते. त्या दिवसांत फटाक्यांमुळे सदस्य आणि पाहुणे यांच्यातला फरक मिटतो. दोघेही जिन्याखाली.

कायदा

शहरी कुत्र्याचा प्रश्न जुना आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा पारशी समाजाने दंगल केली, बाजार बंद पाडले आणि छावणीतल्या इंग्रजांची रसद अडवली. तेव्हापासून कुत्रा हा सार्वजनिक व्यवस्थेचा विषय आहे.

पुढे मारण्याऐवजी नसबंदीचे धोरण आले. केंद्राने २००१ मध्ये नियम केले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आणले. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी खाऊ घालावे, सार्वजनिक जागी नव्हे. पोळीवाल्या ताईंच्या घरी त्या रात्री मोठी बैठक झाली असणार. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीला स्थगिती दिली आणि ताईंच्या यजमानांनी सुटकेचा श्वास घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री पुन्हा तिथेच सोडू नयेत, असे बजावले.

पाळीव कुत्र्याबाबत कायदा अधिक कडक आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सांगतात की सोसायटीने पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारू नये आणि मालकाने त्याला बाहेर साखळीनेच न्यावे.

हे सगळे एकत्र वाचले की निष्कर्ष एकच निघतो. ज्या कुत्र्याला मालक आहे, लस आहे, वंशावळीचा कागद आहे आणि वाढदिवसाला केक आहे, त्याने शहरात साखळीला बांधून फिरायचे. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याला शस्त्रक्रियेनंतर शासनाच्या खर्चाने, गाडीतून, त्याच्याच चौकात आणून मोकळे सोडायचे, फक्त तो चौक शाळेच्या किंवा स्टेशनच्या आवारात नसावा. नागपुरातल्या पाळीव कुत्र्याला श्वानोद्यान हवे असते ते याचसाठी: जे रस्त्यावरच्याला जन्मतः मिळाले आहे ते त्यालाही तासभर मिळावे. खिडकीच्या जाळीतून तो तासन् तास रस्त्याकडे बघतो आणि भुंकतो. मालकाला वाटते तो घर राखतो आहे.

परत नेणे

कुत्र्याला सोडणे एका क्षणाचे काम असते, पकडणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साखळी हातात घेऊन मालक पुढे होतो तेव्हा कुत्रा पुढचे पाय जमिनीवर पसरून पाठ वर करतो. श्वानशास्त्रात ही खेळाचे आमंत्रण देणारी मुद्रा आहे. मालक ती उद्धटपणा समजतो. त्यानंतर हाका सुरू होतात आणि त्यांचा क्रम शहरभर सारखा आहे. सुरुवात इंग्रजीत होते, कारण प्रशिक्षकाने तसे शिकवले आहे: “ब्रुनो, कम! कम हिअर!” इंग्रजी लागू पडले नाही की विनवणी हिंदीत: “चल बेटा, घर चल, अच्छा बच्चा है ना.” दहा मिनिटांनी, मैदानातली सगळी मंडळी बघू लागल्यावर, वऱ्हाडी बाहेर पडते: “येते का नाही बे? घरी चाल, दाखवतो तुले!” ब्रुनोला तिन्ही भाषा समजतात. तो अजून दूर जातो ते तिसरी नीट समजली म्हणूनच.

पाठलाग करू नये, असा जाणकारांचा सल्ला आहे. मागे लागलेला माणूस कुत्र्याला खेळगडी वाटतो आणि चार पायांच्या खेळगड्याला दोन पायांचा कधी हरवत नाही. बिस्किट दाखवणे उपयोगी पडते, पण आसपास सदस्य टोळी असेल तर बिस्किटाला सात उमेदवार उभे राहतात आणि आपला कुत्रा संकोचाने मागे राहतो. हमखास उपाय एकच आढळला आहे. मालकाने काही न बोलता पाठ फिरवावी, रस्त्याकडे चालत जावे आणि स्कूटर सुरू करावी. इंजिनाचा आवाज कानी पडताच मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून कुत्रा सुसाट येतो, उडी मारून स्कूटरच्या पायठेवणीवर चढतो, पुढचे पाय हँडलजवळ टेकतो आणि कान वाऱ्यावर सोडतो. सदस्य टोळी भुंकत भुंकत डीपीपर्यंत पोचवायला येते. पुढच्या चौकात पुढच्या टोळीकडे सूत्रे जातात. कुत्रा पुढे, मालक मागे, साखळी हँडलला गुंडाळलेली अशी ही स्वारी घरी पोचते. हेल्मेट दोघांपैकी एकाच्याही डोक्यावर नसते.